हाताची सफाई आणि मांडवातील टाळी

गेल्या चतुर्थीच्या दिवसांत फोंडे तालुक्यातील एका सार्वजनिक गणेशोत्सवाच्या मांडवात जादूचे प्रयोग पाहण्याचा योग आम्हांस आला. जादूगार साठीच्या उंबरठ्यावर आलेला, अंगात किंचित विटलेला जरीचा अंगरखा, सोबतीस एक मुलगी आणि एक पोरसवदा मदतनीस. रिकाम्या नळीतून रंगीबेरंगी रुमालांची माळ निघाली, कागदी फुलांचे गुच्छ उमलले, आणि मग मुलीला लाकडी पेटीत उभी करून पेटीचे तीन भाग करण्यात आले. मधला भाग बाजूस सरकवला जाताच मांडव टाळ्यांनी दणाणून गेला. त्यानंतर त्या गृहस्थाने अंगरखा उतरवून ठेवला, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, चार नाणी घेतली आणि एका मुठीतील नाणी एकेक करून दुसऱ्या मुठीत नेली. दोन्ही हात एकमेकांपासून चांगले दूर होते. मध्ये ना रुमाल, ना मेज, ना मदतनीस. आम्ही पुढच्याच रांगेत होतो आणि डोळे ताणून पाहत होतो; तरीही नाणे केव्हा गेले हे कळले नाही. मांडवात मात्र चुळबूळ सुरू झाली. मागे मुलांची भांडणे जुंपली, दोघेतिघे चहाला उठले, आणि अखेरीस टाळ्या पडल्या त्या केवळ शिष्टाचारापुरत्या.

प्रयोगानंतर त्या जादूगाराशी चार शब्द बोलण्याची संधी मिळाली. पेटी सुताराने पंधरा दिवसांत करून दिली, नाण्यांना मात्र तीस वर्षे लागली, आणि टाळ्या सुताराला मिळतात, असे तो हसत हसत म्हणाला. त्याच्या हसण्यात कडवटपणा नव्हता, पण व्यथा होती. ती व्यथा त्याच्या एकट्याची नाही, म्हणून या स्तंभात तिचा विचार करावयाचे आम्ही योजिले आहे.

प्रेक्षक अडाणी आहेत, त्यांना कला कळत नाही, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. आमचे मत तसे नाही. दहाव्या रांगेतून नाणे दिसत नाही, पेटी दिसते, हे पहिले आणि साधे कारण. दुसरे असे की पेटीत माणूस आहे. तिचे काय होईल हा प्रश्न आपोआप मनात उभा राहतो. नाणे डाव्या मुठीत असले काय आणि उजव्या मुठीत असले काय, कुणाचे काही बिघडत नाही. पी. सी. सरकार यांना हे मर्म पुरते उमगले होते. ९ एप्रिल १९५६ रोजी बी.बी.सी.च्या ‘पॅनोरामा’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांनी एका मुलीला मेजावर निजवून तिच्या अंगावरून फिरते करवत चालविले. करवत चालले, पण ती मुलगी उठून उभी राहण्यापूर्वीच निवेदकाने निरोप घेतला आणि कार्यक्रम संपला. मुलीचा जीव गेला या भयाने प्रेक्षकांनी बी.बी.सी.चे दूरध्वनी अडवून टाकले, आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांतून सरकारांचे नाव लंडनभर झाले. करवतीचा प्रयोग त्यांनी शोधलेला नव्हता. तो तिकडच्या रंगभूमीवर त्याआधी पस्तीस वर्षे चालत आला होता. सरकारांचे कसब घड्याळाच्या काट्यात होते. वेळ योगायोगाने संपली असे जाणकारांपैकी फारसे कुणी मानत नाही.

तिसरे कारण अधिक खोल आहे आणि येथेच हातचलाखीची गोष्ट इतर कलांहून वेगळी पडते. गवयाची तान अवघड आहे हे ती न येणाऱ्यालाही ऐकू येते. आपल्या खाप्रुमाम पर्वतकरांची लयकारी ज्यांनी ऐकली ते सांगत की हातांनी निराळे ताल, पायांनी निराळे ताल धरून ते समेवर एकत्र येत, आणि ज्याला मात्रा मोजता येत नव्हत्या तोही ‘काहीतरी अचाट चालले आहे’ एवढे जाणून थक्क होई. श्रम दिसत होते, कौशल्य दिसत होते. हातचलाखी करणाऱ्याला ही सवलत नाही. त्याचे कौशल्य दिसले की ते फसले. ‘काय हात चालतो!’ असे प्रेक्षक म्हणाला तर ती वरवर स्तुती असली तरी आश्चर्य त्या क्षणी संपलेले असते. प्रेक्षकाने समजून घेतले की हाताने काहीतरी केले. आणि कौशल्य पूर्णत्वास गेले तर दिसते काय? एक मनुष्य मूठ उघडतो आणि मूठ रिकामी असते. जो काहीच करीत नाही असे दिसते त्याला टाळी कशासाठी द्यावयाची?

म्हणूनच जादूगारांच्या दोन जाती पडल्या आहेत. एक सामान्यांसाठी प्रयोग करणारे, दुसरे जादूगारांसाठी करणारे. या दुसऱ्या जातीचा आदर्श म्हणजे कॅनडात जन्मलेले डाय व्हर्नन. १९२२ साली शिकागो येथे त्यांनी हूडिनीला पत्त्यांचा एक खेळ दाखविला. कुठलाही खेळ तीनदा पाहिला की आपण तो ओळखतो अशी हूडिनीची प्रौढी होती. खुणेचा पत्ता वरून दुसऱ्या जागी ठेवला जाई आणि पुन्हा सर्वांत वर येई; एवढाच खेळ. हूडिनीने तो पुन्हा पुन्हा करावयास लावला आणि अखेरपर्यंत त्याला थांग लागला नाही. व्हर्ननना या एका प्रसंगाने आयुष्यभराची बिरुदावली मिळाली. परंतु भरल्या नाट्यगृहाला तो खेळ दाखविला असता तर काय झाले असते? आमच्या मांडवातील नाण्यांचे झाले तेच. हूडिनी स्वतः लोकांपुढे गेला तो पत्ते घेऊन नव्हे. साखळदंड, पेट्या, पाण्याच्या टाक्या घेऊन गेला. ज्ञाता फसतो तो आपल्या ज्ञानामुळे, सामान्य माणूस रमतो तो गोष्टीमुळे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तो चांगले जाणून होता.

महाराष्ट्रात रघुवीर या नावाने गाजलेले रघुनाथ भोपळे (१९२४–१९८४) यांच्याकडेही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. देशोदेशी हिंडलेला हा मनुष्य मराठी घरांत पोहोचला तो आपल्या बोलण्यामुळे आणि प्रसन्न वावरामुळे, उपकरणांमुळे नव्हे.

मराठीत आपण ‘नजरबंदी’ म्हणतो. शब्द सुंदर आहे, पण त्यात एक चुकीची उपपत्ती दडलेली आहे. नजर बांधली जाते, डोळे फसतात, हात डोळ्यांपेक्षा वेगाने चालतो, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलो. प्रत्यक्षात हात डोळ्यांपेक्षा वेगवान नसतो. चांगला जादूगार तर हात संथच चालवितो. १९०० साली अमेरिकेतील नॉर्मन ट्रिप्लेट या मानसशास्त्रज्ञाने शाळेतील मुलांपुढे एक चेंडू दोनदा वर उडवून झेलला आणि तिसऱ्या वेळी तो न उडविता मेजाआड टाकून हात मात्र उडविल्यासारखा केला. निम्म्याच्या आसपास मुलांनी तिसऱ्या वेळीही चेंडू वर जाऊन हवेत नाहीसा झालेला ‘पाहिला’! २००६ साली गुस्टाव्ह कून आणि मायकेल लँड या दोघांनी इंग्लंडात हाच प्रयोग नव्या साधनांनी केला. पाहणाऱ्याचे बुबुळ कोठे वळते हे टिपणारे यंत्र त्यांच्यापाशी होते. जादूगार स्वतः वर पाहत असेल तेव्हा सुमारे दोन तृतीयांश प्रेक्षकांना चेंडू वर गेलेला दिसला; जादूगाराने नजर हातावरच ठेवली तेव्हा ते प्रमाण निम्म्याने उतरले. आणि गंमत अशी की चेंडू वर गेला असे शपथेवर सांगणाऱ्यांचे डोळे वर गेलेच नव्हते. ते जादूगाराच्या चेहऱ्याकडे पाहत होते. डोळे फसले नव्हते, मन फसले होते. दोनदा जे झाले तेच तिसऱ्यांदा होणार असे मनाने परस्पर ठरवून टाकले आणि न घडलेले चित्र स्वतःच रंगविले.

हे वाचताना गोमंतकीय माणसाला आपल्या एका पूर्वजाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. पणजीत मांडवीकाठी, जुन्या सचिवालयाच्या शेजारी, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला आबे फारिया यांचा पुतळा १९४५ पासून उभा आहे. येता जाता आपण तो पाहतो. निजलेल्या स्त्रीवर हात पसरून उभा असलेला तो पाद्री अनोळखी पर्यटकाला मांत्रिकच वाटतो. विपर्यास असा की फारियांनी आयुष्यभर सांगितले ते याच्या उलट. १७५६ साली कांदोळीस जन्मलेल्या या माणसाने १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करून प्रतिपादन केले की निद्रा आणणारी शक्ती प्रयोग करणाराच्या हातात नाही, त्याच्यातून कुठलाही चुंबकीय प्रवाह निघत नाही. जे घडते ते समोरच्या माणसाच्या मनात घडते. लोकांनी त्यांचे काय केले? एका नटाने झोप लागल्याचे सोंग करून भर सभेत त्यांची फजिती केली, रंगभूमीवर त्यांच्यावर प्रहसन झाले, आणि १८१९ साली आपला ग्रंथ छापून होतो न होतो तोच ते निवर्तले. आपल्या अंगी दैवी सामर्थ्य आहे असे ते म्हणाले असते तर पॅरिसने त्यांना कदाचित डोक्यावर घेतले असते. (‘कातर रे भाजी’ची आख्यायिका येथे सांगत नाही, ती प्रत्येक गोमंतकीयाला पाठ आहे आणि ती याच सूत्राची आहे.)

आपल्या परंपरेला हे भान नव्हते असे नाही. श्रीहर्षाच्या ‘रत्नावली’त उज्जयिनीहून आलेला ऐंद्रजालिक राजाला अंतःपुर पेटलेले दाखवितो आणि राजा त्या आगीत धाव घेतो. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात ढालतलवार घेऊन दोरीवरून आकाशात चढणाऱ्या मायावीचा दृष्टांत दिला आहे. दोरीवर दिसतो तो खरा नव्हे, खरा मायावी जमिनीवरच उभा असतो. वेदान्ताच्या पाठकाला हा दृष्टांत ठाऊक असतो. तोच पाठक एखाद्या महाराजाने रिकाम्या हातातून अंगारा काढला की हात जोडतो, याचा अर्थ काय लावावा?

येथे प्रश्न करमणुकीचा राहत नाही. लोकांची एक पक्की समजूत आहे की फसवणुकीला फार मोठे कसब लागते. या समजुतीचा व्यत्यास त्यांच्या मनात नकळत तयार होतो: समोरचा माणूस साधा आहे, त्याच्यापाशी यंत्र नाही, सामग्री नाही, हातही सावकाश चालतात, तेव्हा येथे फसवणूक असूच शकत नाही. लिंबू कापताच लाल रस निघतो तो आधी सुरीला लावलेल्या रसायनामुळे. जिभेवर जळता कापूर धरता येतो, कारण तो पुरता तापण्याआधीच तोंड मिटून विझविता येतो. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीनचे थेंब पडले की काडी न ओढता अग्नी प्रज्वलित होतो. शाळकरी मुलाला एका दुपारी शिकविता येतील अशा या गोष्टी आहेत. त्यांत कसब नाही, आणि नेमके कसब नाही म्हणूनच त्या निभावून जातात. चार नाण्यांचा खेळ करणाऱ्याकडे आपण संशयाने पाहतो, त्याला बाह्या दुमडावयास लावतो. लिंबू कापणाऱ्याला दक्षिणा देतो.

सुशिक्षितांनी यावर हसू नये. १९७९ ते १९८१ या काळात अमेरिकेतील सेंट लुई येथे एका विद्यापीठात अतींद्रिय शक्तीच्या संशोधनासाठी पाच लक्ष डॉलरांच्या देणगीतून प्रयोगशाळा चालत होती. जादूगार जेम्स रँडी यांनी दोन तरुण जादूगार तेथे धाडले. त्या पोरांनी मनःशक्तीने चमचे वाकविल्याचा देखावा केला आणि शास्त्रज्ञांनी तो मान्य केला. चमच्यांना दोऱ्याने बांधलेल्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या त्यांनी गुपचूप अदलाबदल केल्या, म्हणजे मोजमापच बदलले. यात हातचलाखी ती काय? हूडिनीसारखा पारखी चकविण्यास व्हर्नन लागले. पदार्थविज्ञानाचे पदवीधर चकविण्यास दोऱ्याची गाठ पुरली. १९८३ साली रँडींनी हे प्रकरण स्वतःच जाहीर केले.

आणि साधी युक्ती राज्यकर्त्याच्या हाती गेली म्हणजे काय होते हेही नमूद केले पाहिजे. १८५६ साली फ्रेंच सरकारने रोबेर-हूदँ या नामांकित जादूगाराला अल्जीरियात पाठविले. तेथील मराबूंचा, म्हणजे साधुपुरुषांचा, जनमानसावरील पगडा मोडावा हा हेतू. त्याच्याजवळ एक लहानशी पेटी होती, खाली विद्युत्‌चुंबक. पॅरिसमध्ये ती ‘हलकी आणि जड होणारी पेटी’ म्हणून गाजली होती. अल्जीरियात त्याने पेटी तीच ठेवली आणि गोष्ट बदलली. एका बलदंड अरबाला पुढे बोलावून, आता तुझी ताकद मी काढून घेतो, असे सांगितले. पेटी जड झाली असे त्या माणसाला वाटले नाही. आपणच दुबळे झालो असे वाटले. परकीय सत्तेखाली साडेचारशे वर्षे काढलेल्या प्रदेशाने या गोष्टीतले मर्म वेगळे समजावून घेण्याची गरज नाही.

दाभोलकर आणि त्यांचे सहकारी गावोगाव चमत्कार करून दाखवीत आणि त्यांची रीत उलगडून सांगत, ते म्हणूनच आवश्यक काम होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कार्याबद्दल आदर राखून एक गोष्ट सुचवावीशी वाटते. रीत सांगितल्याने तो एक चमत्कार संपतो. ‘आता मला कुणी फसवू शकत नाही’ हा अहंकार मात्र वाढतो. लिंबाचे रहस्य कळलेला मनुष्य नारळापुढे पुन्हा नमतो. त्याला एकदा तरी खरी हातचलाखी जवळून, चार हातांवरून पाहावयास मिळाली पाहिजे: रीत विचारूनही सांगितली जात नाही, माणूस प्रांजळपणे म्हणतो की ही युक्ती आहे, आणि तरीही ती कळत नाही. आपल्याला कळत नाही म्हणून ते दैवी नव्हे, हा धडा त्याहून चांगला कोण देईल?

तो धडा देणारा मनुष्य आपल्या रस्त्यांवर होता. चाळीस पन्नास वर्षांपूर्वी आठवड्याच्या बाजारात गारुडी मांडी घालून बसे. भोवती तीन बाजूंनी, कधी चारही बाजूंनी, माणसे. वर पडदा नाही, मागे विंग नाही. तीन लाकडी वाट्या, माथ्यावर बोटांत धरण्याजोगी गाठ, आणि कापडाच्या चार-पाच गोळ्या. गोळी या वाटीखालून त्या वाटीखाली जाई, तीन गोळ्या एकत्र येत आणि शेवटी वाटी उचलली की खाली भलताच मोठा चेंडू किंवा कांदा निघे. सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी वाट्या-गोट्यांच्या या खेळाचा उल्लेख केला आहे आणि आपण फसतो यातच त्याची गोडी आहे असे म्हटले आहे. पाश्चात्त्य जादूगार हातवारे करून वाट्या नाचवितात. आपला गारुडी जमिनीवर बसून, जवळजवळ न हलता, हे करी. आजही जाणते विदेशी जादूगार भारतीय वाट्यांची धरण्याची रीत अभ्यासतात. त्याचे सारे बोलणे, तो डमरू, पोराशी केलेली खोटी भांडणे ही केवळ बडबड नव्हती. कून यांच्या यंत्राने २००६ साली जे सिद्ध केले, प्रेक्षक हाताकडे नव्हे तर चेहऱ्याकडे पाहतो, ते त्याला पिढीजात ठाऊक होते.

त्याचे आपण काय केले? १९५९ च्या मुंबई भिक्षाप्रतिबंधक कायद्याने गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखविणे या ‘मिषाने’ सार्वजनिक जागी पैसे घेणाऱ्यालाही भिकाऱ्याच्या व्याख्येत बसविले. आपल्या गोव्यातही १९७२ पासून भिक्षाप्रतिबंधक कायदा आहे. दिल्लीत लागू असलेल्या त्या मुंबई कायद्यातील भिक्षेला गुन्हा ठरविणारी कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली घटनाबाह्य ठरविली, परंतु तोवर दिल्लीच्या कठपुतळी कॉलनीतील जादूगारांची घरे पाडली गेली होती. तेथल्याच इशामुद्दीन खान यांनी १९९५ साली कुतुबमिनारच्या परिसरात उघड्यावर दोरीचा खेळ करून दाखविला होता, ज्या खेळासाठी लंडनच्या जादूगारांच्या मंडळाने १९३४ साली ५०० गिनींचे बक्षीस लावले होते. जगात कुठेही त्या माणसाचा सन्मान झाला असता. आपल्याकडे त्याचा धंदा कायद्याच्या दृष्टीने भिक्षा.

आमची मागणी फार मोठी नाही. पणजीला दरवर्षी लोकोत्सव भरतो, तालुक्या-तालुक्यांतून सांस्कृतिक महोत्सव होतात, त्यांवर सरकारचा पैसा खर्च होतो. तेथे गारुड्याला रंगमंच देऊ नये. रंगमंचावर तो मरेल. चटई टाकून बसावयास झाडाखालची जागा द्यावी, भोवती पन्नास माणसांहून अधिक जमू देऊ नयेत, आणि त्याचे मानधन पेटीवाल्याच्या बरोबरीने ठरवावे. पालिका व पंचायतींनी बाजाराच्या दिवशी अशा कलावंतांना साध्या परवान्यावर जागा द्यावी, म्हणजे पोलिसाला त्यांना उठविण्याचे कारण उरणार नाही. गणेशोत्सव मंडळांनाही एक विनंती आहे. जादूगार बोलावलाच तर एखाद्या दिवशी ध्वनिक्षेपक बंद करून त्याला मुलांच्या घोळक्यात बसवावे. फोंड्याच्या त्या मांडवात कार्यक्रम संपल्यावर सामान आवरताना त्या गृहस्थाने खुर्च्या उचलावयास आलेल्या दोन पोरांना तीच चार नाणी पुन्हा दाखविली. या वेळी अंतर हातभराचे होते. पोरांनी टाळ्या वाजविल्या नाहीत. एकाने त्याची मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली आणि ‘आता परत कर’ म्हणाला.